धनुर्धराच्या कमरेचे पिस्तूल



इंदूरच्या या शाळेत मी सहा वर्षे शिकलो आणि त्यांतील निदान एक वर्ष मी वर्गाबाहेर उभे राहून काढले. अशा विद्यार्थ्याला व्यासपीठावर बोलाविण्याचे धाडस मंडळाने केले, याबद्दल प्रथम त्यांचे आभार मानतो. ज्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान दरवर्षी होते, त्यांना आम्ही कधी नावाने ओळखले नाही. ते ‘सर’ होते. शाळेत आणखी बारा-तेरा सर असतानाही नुसते ‘सर’ म्हटले की कोण, हे सर्वांना कळत असे.

त्या काळी इतिहासाच्या खोलीत एक मोठी तसबीर टांगलेली होती. कुठल्याशा संस्थानातील शिकारीचे ते छायाचित्र होते. मध्यभागी पडलेला वाघ, त्याच्या डोक्यावर बूट टेकवून उभे असलेले राजेसाहेब आणि शेजारी टोपीवाले दोन गोरे पाहुणे. सर पहिल्याच तासाला विचारीत, “या चित्रात काय दिसते?” आम्ही वाघ सांगायचो, राजा सांगायचो. सर मान हलवीत राहायचे. शेवटी ते म्हणत, “मधल्या माणसाकडे बघायला तुम्हांला कोणी शिकवावे लागत नाही. कडेला कोण आहे ते सांगा.” कडेला एक अनवाणी माणूस होता, डोक्याला पागोटे, हातात रायफल. ती रायफल त्याची नव्हती. साहेबांची पहिली गोळी वाया गेली तर भरलेली दुसरी बंदूक त्यांच्या हाती द्यायची आणि तोवर जागचे हलायचे नाही, एवढ्यासाठी तो तेथे उभा होता. सर म्हणत, “पराक्रमाची कोणतीही गोष्ट वाचाल तेव्हा आधी हा माणूस शोधून काढा.”

प्रतापगडाचा धडा शिकवितानाही त्यांची हीच रीत होती. १० नोव्हेंबर १६५९ च्या भेटीत महाराजांच्या अंगरख्याखाली चिलखत होते, हातात वाघनखे होती आणि दोन पावलांवर जिवा महाला होता, हे ते फार रंगून सांगत. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण त्यांच्या तोंडी नेहमी असे. एका विद्यार्थ्याने विचारले होते की, मग यात महाराजांचा पराक्रम कमी होत नाही का? सर हसून म्हणाले होते, “कमी होत नाही, खरा होतो.”

आजचा माझा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. इंदुरात उभे राहून होळकरशाहीवर बोलावे, मल्हाररावांवर बोलावे, अहिल्यादेवींवर तर बोलावेच बोलावे. त्याऐवजी अमेरिकेतील धनुर्धर शिकारी स्वसंरक्षणासाठी कमरेला पिस्तूल का लावतो, असला विषय या म्हाताऱ्याला कोठून सुचला? याचे कारण घरगुती आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा मोंटाना राज्यातील बोझमन येथे गेली अनेक वर्षे स्थायिक आहे. तेथील मित्रांच्या संगतीने त्याला धनुष्यबाणाने शिकार करण्याचा नाद लागला. आमच्या घरात मुंगीलाही साखर घालण्याची परंपरा. त्यामुळे ताईने पहिले सहा महिने ही गोष्ट मजपासूनही लपविली. नंतर तिला कळले की, ज्या डोंगरात हा जातो तेथे ग्रिझली जातीची अस्वले आहेत आणि मित्र त्याला पिस्तूल बाळग म्हणून सांगतात, पण हा ऐकत नाही. तेव्हा मात्र तिने मला फोन केला. जीवदयेचा प्रश्न बाजूला राहिला. “तू इतिहासाचा मास्तर आहेस ना, मग समजाव त्याला,” असा तिचा हुकूम झाला.

मी भाच्याशी बोललो. त्याने मलाच प्रश्न केला, “मामा, कमरेला पिस्तूल लावूनच धनुष्य हातात घ्यायचे असेल, तर सरळ बंदूकच का नको?” मजजवळ उत्तर नव्हते. शिकार करावी की करू नये, हा आजचा विषय नव्हे. त्या बाबतीत मी ताईच्या पक्षाचा आहे. परंतु भाच्याचा प्रश्न मला सरांच्या तसबिरीकडे घेऊन गेला. धनुष्याने शिकार करणाऱ्यांच्या कथांत कडेचा माणूस कोण होता, हे मी शोधू लागलो.

पहिली नोंद आपल्याच देशातील आहे, मात्र ती धनुष्याची नाही. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानात हत्तीवरून वाघाची शिकार करणारे इंग्रज ‘हौदा पिस्तूल’ नावाचे एक शस्त्र बाळगीत. आखूड, जड, मोठ्या तोंडाच्या दोन नळ्यांचे हे पिस्तूल असे. लंडनच्या चार्ल्स लँकेस्टर या बंदूककारांनी १८८० नंतर चार नळ्यांचीही पिस्तुले केली. शिकार व्हायची ती रायफलीने. पण जखमी वाघ हत्तीच्या मस्तकावर चढून हौद्यापर्यंत आला, तर लांब रायफल फिरवायला जागा उरत नाही. त्या दोन हातांच्या अंतरासाठी हे पिस्तूल असे. मुख्य शस्त्र जेथे निरुपयोगी ठरते, नेमके तेथे उपयोगी पडावे म्हणून बाळगलेले हे दुसरे शस्त्र. याच काळात, १८७८ च्या हत्यार कायद्याने, सामान्य हिंदी माणसाला परवान्यावाचून बंदूक बाळगण्याची बंदी झाली होती. आपल्या झाबुआ-अलीराजपूरकडच्या भिल्लांच्या हाती तीरकमठाच राहिला. त्यांच्या पाठीशी हौदा पिस्तूल नव्हते, बरोबरचे चार गडी होते.

अमेरिकेत धनुष्याचा छंद सुशिक्षितांत पसरला तो मॉरिस आणि विल या थॉम्पसन बंधूंमुळे. दोघे यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूने लढले होते. पराभूत सैनिकांना बंदूक बाळगण्याची मनाई असल्याने ते फ्लोरिडाच्या रानात धनुष्याकडे वळले, अशी कथा वारंवार छापली जाते. मला ती फार सोयीस्कर वाटते, म्हणून तिच्यावर भार टाकत नाही. मॉरिसचे धनुर्विद्येवरील पुस्तक १८७८ साली निघाले, हे मात्र निश्चित. एका देशात हत्यार कायदा झाला त्याच वर्षी दुसऱ्या देशात हे पुस्तक आले, या योगायोगातून काही सिद्ध होत नाही. पण सरांना तो आवडला असता.

खरी कथा सुरू होते १९११ च्या ऑगस्टमध्ये. कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल गावाशी एक उपाशी, एकाकी आदिवासी माणूस सापडला. तो याही जमातीतील शेवटचा उरलेला होता. त्याच्या लोकांना गोऱ्या वसाहतवाल्यांनी १८६० नंतरच्या वर्षांत बंदुकांनी टिपून मारले होते, आणि वाचलेले मूठभर लोक चाळीसएक वर्षे दऱ्याखोऱ्यांत लपून राहिले होते. त्याने आपले नाव कोणाला सांगितले नाही. त्याच्या भाषेत ‘इशी’ म्हणजे माणूस. तेच नाव लोकांनी त्याला दिले. सॅन फ्रान्सिस्को येथील विद्यापीठाच्या संग्रहालयात तो राहिला, आणि शेजारच्याच रुग्णालयातील शल्यविशारद डॉ. सॅक्स्टन पोप त्याचे मित्र आणि शिष्य झाले. धनुष्य कसे घडवावे, बाणाला पिसे कशी लावावी, आवाज काढून हरणाला जवळ कसे बोलवावे, हे पोप त्याच्याकडून शिकले. १९१६ च्या मार्चमध्ये इशी क्षयाने वारला.

इशीने पोपना अस्वलाच्या शिकारीची रीत सांगितली होती आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने ती मोलाची आहे. याही लोक अस्वलाभोवती जाळ करीत आणि चोहोबाजूंनी बाण मारीत. अस्वल एखाद्याच्या अंगावर धावले तर तो जळते कोलीत त्याच्यापुढे नाचवी आणि इतरांचे बाण मागून चालूच राहत. ज्या माणसांनी बंदूक वापरली नाही, जे धनुष्यावरच जगले, त्यांनाही दुसरे हत्यार लागत होते. ते हत्यार मारण्यासाठी नव्हते. अस्वलाला थोपवून धरण्यासाठी होते. माझा भाचा ज्या ‘शुद्ध’ धनुष्याच्या गोष्टी करतो, ते शुद्ध धनुष्य खुद्द इशीच्या हातीही नव्हते.

पोप आणि त्यांचे मित्र आर्थर यंग यांनी १९२० साली यलोस्टोनच्या राष्ट्रीय उद्यानात ग्रिझलीची शिकार केली. कॅलिफोर्नियातील विज्ञान अकादमीच्या संग्रहालयासाठी नमुने हवे होते, म्हणून त्यांना खास परवानगी मिळाली होती. या मोहिमेचे वर्णन पोप यांच्या १९२३ च्या पुस्तकात आहे, आणि आजही अमेरिकेतील धनुर्धर ते श्रद्धेने वाचतात. त्यांच्यासोबत नेड फ्रॉस्ट नावाचा अनुभवी वाटाड्या होता आणि त्याच्या हाती रायफल होती. बाण लागलेली एक मादी अंगावर चालून आली तेव्हा ती रायफल उडाली. पोप यांनी हे झाकले नाही. प्रामाणिक माणसाप्रमाणे पुस्तकात लिहून ठेवले. पुढच्या पिढ्यांनी मात्र त्या पुस्तकातून धनुष्य उचलले आणि रायफल पानांतच राहू दिली.

१९२५ साली दोघे स्ट्युअर्ट एडवर्ड व्हाइट या लेखकाबरोबर पूर्व आफ्रिकेत, टांगानिकात, सिंहांच्या शिकारीला गेले. व्हाइट हा नामांकित नेमबाज. बाण लागलेला सिंह तात्काळ पडत नाही, आणि संतापलेल्या सिंहाला चाळीस-पन्नास पावले तोडायला वेळ लागत नाही. अशा वेळी कामास आल्या त्या मागच्या रायफलीच. पोप १९२६ साली वारले, यंग १९३५ साली. त्यांच्या नावाने १९६१ मध्ये पोप अँड यंग क्लब स्थापन झाला. धनुष्याने मिळविलेल्या शिकारींची नोंद तो ठेवतो. बंदुकीच्या गोळीने पडलेल्या जनावराला त्या वहीत जागा नाही. नियम योग्यच आहे. पण ज्यांच्या नावाने वही उघडली त्यांच्याच काही शिकारी तीत बसल्या नसत्या. मिशिगनचा फ्रेड बेअर हा पुढचा मोठा धनुर्धर. ध्रुवीय अस्वलाच्या शोधात त्याने केलेल्या आधीच्या मोहिमांत सोबतच्यांना बंदूक चालवावी लागली होती, आणि १९६६ साली बर्फावर अनेक दिवस काढल्यावर त्याला केवळ बाणाने यश आले.

येथवरच्या कथांत बंदूक दुसऱ्याच्या हाती आहे. वाटाड्या, मित्र, पगारी माणूस, कोणी ना कोणी कडेला उभा आहे. सामान्य शिकाऱ्याला असा माणूस परवडत नाही. कारखान्यातला कामगार, शाळेतला मास्तर, आठवड्याची रजा काढून एकटाच किंवा एखाद्या मित्राबरोबर डोंगरात शिरतो. त्याच्यासाठी कडेच्या माणसाची जागा पिस्तुलाने घेतली. १९३५ साली .३५७ मॅग्नम आणि १९५५-५६ च्या सुमारास .४४ मॅग्नम ही काडतुसे बाजारात आली. यातील दुसऱ्यामागे आयडाहोचा एल्मर कीथ नावाचा गुरे राखणारा लेखक होता. जड गोळी आणि जास्त दारू यांचा त्याने वर्षानुवर्षे आग्रह धरला होता. त्याआधीचे पिस्तूल अस्वलापुढे खेळणेच. यानंतर मोठ्या जनावराला रोखण्याची निदान आशा बाळगावी, असे शस्त्र कमरेच्या पट्ट्यात मावू लागले. अनवाणी माणूस चित्रातून निघून गेला. त्याचे काम चामड्याच्या म्यानाकडे आले.

आणि नेमका येथेच कायदा आडवा आला. ही हकीकत मला सर्वांत बोधक वाटली.

अमेरिकेत हरणांच्या शिकारीचे हंगाम प्रत्येक राज्य ठरविते. विस्कॉन्सिन राज्याने १९३४ साली धनुष्यासाठी पहिला स्वतंत्र हंगाम दिला. निसर्गचिंतक आल्डो लिओपोल्ड त्याच राज्यात राहत आणि स्वतः धनुष्य वापरीत. पेनसिल्व्हेनियात हा हंगाम १९५१ साली सुरू झाला. धनुर्धरांना बंदूकवाल्यांच्या आधी, अधिक दिवस आणि मोकळे रान मिळाले. कारण उघड होते. बाण फार तर तीस-चाळीस पावलांवरून चालवायचा, त्यामुळे शिकार थोडी होते. आणि हे लोक थोडके आहेत, हौशी आहेत, सचोटीचे आहेत, असा विश्वास होता. या सवलतीची किंमत म्हणून अनेक राज्यांनी अट घातली की, धनुष्याच्या हंगामात अंगावर बंदूक-पिस्तूल असता कामा नये. वनरक्षकाला दुसरी कसोटीच नव्हती. रानात प्रेक्षक नसतात. कोणी गोळीने हरीण पाडले आणि मग त्या भोकात बाण खुपसला, तर साक्ष कोणाची काढणार? लिओपोल्ड यांनीही हेच ओळखले होते, की शिकाऱ्याच्या वागणुकीला टाळ्या वाजविणारे किंवा शीळ घालणारे कोणी समोर नसते. त्याला स्वतःच्याच मनाला जाब द्यावा लागतो.

कायद्याचा संशय अस्वलावर नव्हता, धनुर्धरावर होता, हे येथे ध्यानी घ्यावे. कमरेचे पिस्तूल संरक्षणासाठी आहे की फसवणुकीसाठी, हे पिस्तुलाकडे पाहून कळत नाही. पुढे बंदूक बाळगण्याच्या हक्काची चळवळ जोरावली तसे राज्यांनी एकामागून एक अपवाद केले. मिशिगनने परवानाधारक धनुर्धराला पिस्तूल बाळगू दिले, पण त्याने शिकार करण्यास मनाई ठेवली. पेनसिल्व्हेनियाच्या शिकार कायद्यात स्वतःच्या व इतरांच्या रक्षणार्थ शस्त्र बाळगण्याचे स्वतंत्र कलमच आले. २२ फेब्रुवारी २०१० पासून राष्ट्रीय उद्यानांतही त्या त्या राज्याच्या नियमांप्रमाणे शस्त्र बाळगता येऊ लागले. सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ आणि २०२२ च्या निर्णयांनी तर स्वसंरक्षणाचा हक्क घरात आणि घराबाहेरही मान्य केला. अशा रीतीने ‘जवळ असणे’ आणि ‘वापरणे’ यांत कायद्याने एक रेघ ओढली, आणि ती राखण्याचे काम पुन्हा त्या एकट्या माणसाच्या मनावर सोपविले.

आता अस्वलाकडे वळू. १९७५ साली अमेरिकेच्या मुख्य भूमीतील ग्रिझलीला संरक्षण मिळाले. त्या वेळी यलोस्टोनच्या परिसरात अवघी १३६ च्या आसपास अस्वले होती. पुढे ती सातशेच्या वर गेली. ही गोष्ट आनंदाची आहे. पण मोंटाना, वायोमिंगमध्ये एल्क या मोठ्या हरणाचा धनुष्य-हंगाम सप्टेंबरात येतो, आणि त्याच दिवसांत हिवाळी झोपेपूर्वी अस्वल दिवसभर अन्नाच्या शोधात असते. अस्वलांच्या प्रदेशात फिरताना काय करावे, हे तिकडे प्रत्येक पाटीवर लिहिलेले असते: आवाज करीत चला, घोळक्याने चला, पहाटे आणि सांजेला टाळा. धनुर्धर नेमके याच्या उलट करतो. तो एकटा असतो, मुका असतो, वाऱ्याच्या विरुद्ध चालतो, पानांच्या रंगाचे कपडे घालतो, पहाटे आणि सांजेलाच निघतो. एवढ्यावर न थांबता तो तोंडाने एल्कच्या मादीचा आवाज काढतो. म्हणजे भुकेल्या अस्वलाला जेवणाची हाक घालतो! भाच्याने ही गोष्ट मला मोठ्या अभिमानाने सांगितली. ताईला सांगू नकोस, एवढे मी त्याला बजावले.

त्यातच बाणाचा स्वभाव वेगळा. बाण धक्क्याने मारीत नाही. त्याच्या धारदार पात्याने रक्त वाहते आणि जनावर काही वेळाने पडते. हरणाच्या बाबतीत हे चालते, थांबता येते. ग्रिझली मात्र ताशी पन्नास-पंचावन्न किलोमीटर वेगाने धावतो. तीस मीटरांना दोन सेकंद. तेवढ्यात दुसरा बाण चढत नाही, आणि चढला तरी तो अस्वलाला थांबवीत नाही. धनुष्य हे दोन हातांचे शस्त्र आहे, हीही अडचण. पिस्तूल काढायचे म्हणजे आधी धनुष्य टाकले पाहिजे.

सप्टेंबर २०१८ मध्ये वायोमिंगच्या टेटन अरण्यात घडलेली घटना मी अनेकदा वाचली. एक वाटाड्या आणि त्याच्याबरोबर आलेला धनुर्धर पाहुणा. आदल्या सायंकाळी बाण लागलेला एल्क त्यांना दुसऱ्या दिवशी सापडला. दोघे तो कापण्यात गुंतले होते. त्यांच्याजवळ पिस्तूल होते, पण ते सामानाच्या पिशवीपाशी ठेवलेले, हातापासून दूर. एक मादी अस्वल पिल्लासह उतरणीवरून धावत आले आणि वाटाड्यावर पडले. पाहुणा पिशवीकडे धावला, पिस्तूल उचलले. पण माणूस आणि अस्वल एकमेकांत मिसळलेले, त्याला गोळी झाडता येईना. त्याने ते वाटाड्याच्या दिशेने फेकले. ते पोहोचले नाही. पाहुणा जखमी होऊन निसटला. वाटाड्याचा देह दुसऱ्या दिवशी मिळाला. मिरचीच्या अर्काचा फवाराही त्या झटापटीत वापरला गेला होता, असे पुढे तपासात दिसून आले. तो वाटाड्या घरी बायको-मुले असलेला माणूस होता. पिस्तूल बाळगले होते की नव्हते, असे कोणी विचारले तर उत्तर ‘होते’ असेच द्यावे लागेल. ते कोठे होते, हा प्रश्न कोणत्याही कायद्यात येत नाही.

या फवाऱ्याबद्दल दोन शब्द. मोंटाना विद्यापीठातील संशोधकांनी पिंजऱ्यातील अस्वलांवर प्रयोग करून हा उपाय सिद्ध केला आणि १९८६ च्या सुमारास तो विक्रीस आला. आपल्या स्वयंपाकघरात फोडणी करपली की जे होते, तेच हजारपटीने. अलास्कातील घटनांवर टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन अभ्यास प्रसिद्ध केले. २००८ च्या अभ्यासात ८३ घटना होत्या; तपकिरी अस्वलांच्या बाबतीत फवाऱ्याने शंभरातील ९२ वेळा त्यांचे वर्तन थांबले, आणि तो बाळगणारी ९८ टक्के माणसे इजेवाचून सुटली. २०१२ च्या अभ्यासात १८८३ ते २००९ मधील बंदुकीच्या २६९ घटना तपासल्या. पिस्तुलाने ८४ टक्के आणि लांब बंदुकीने ७६ टक्के वेळा अस्वल थोपले. चकित करणारी बाब पुढेच आहे. ज्यांनी बंदूक झाडली आणि ज्यांनी जवळ असून झाडली नाही, त्यांच्या इजेच्या प्रमाणात लक्षणीय फरक आढळला नाही. दोन्ही अभ्यासांतील प्रसंग एकाच तऱ्हेचे नव्हते, म्हणून आकडे शेजारी ठेवून कोणी पैज लावू नये. तरी मला त्यांत याही लोकांचे जळते कोलीत दिसले. मारण्याऐवजी थोपविणारे ते दुसरे हत्यार शंभर वर्षांनी डब्यात भरून परत आले होते.

कायद्याविषयी आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याशी जोडलेली आहे. अलास्कात जीव वाचविण्यासाठी कोणी अस्वल मारले तर त्याचे कातडे आणि कवटी सोलून सरकारजमा करावी लागते. मारणाऱ्याला त्यातून काही मिळता कामा नये, हा हेतू. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे ११ वे कलमही तेच सांगते. सद्हेतूने, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या बचावासाठी वन्यप्राणी मारणे गुन्हा नाही, आणि मेलेले जनावर सरकारी मालमत्ता होते. मात्र आपल्या कायद्यात एक पुढची पायरी आहे: बचावाची वेळ आली तेव्हा तो माणूस स्वतःच कायदा मोडीत असेल, तर त्याला ही सवलत नाही. म्हणजे चोरटी शिकार करायला गेलेल्याने ‘वाघ अंगावर आला’ म्हणायचे नाही. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा मला त्या तसबिरीतले राजेसाहेब आठवले. आजच्या कायद्यापुढे त्यांना, त्यांच्या पाहुण्यांना आणि पागोटेवाल्यालाही एकाच रांगेत उभे केले असते. शिक्षा पागोटेवाल्यालाच आधी झाली असती, असे सर म्हणाले असते, आणि त्यांचे म्हणणे खोडून काढणे मला जमले नसते.

गेल्या वर्षी मी हे सारे टिपण भाच्याला पाठविले. पोप यांच्या रायफलीचा भाग त्याला ठाऊक नव्हता. आठ दिवस तो माझ्याशी त्यावर वाद घालीत होता. नंतर त्याचे पत्र आले. त्याने फवारा घेतला होता, छातीवरच्या पट्ट्याला, डाव्या हाताने काढता येईल असा. पिस्तूल घेतले नाही. त्याच्या मित्राने घेतले. दोघांनी आपसांत एक नियम केला: जनावर कापायला एकाने वाकायचे, दुसऱ्याने काहीही न करता पाठ फिरवून रानाकडे बघत उभे राहायचे, आणि हत्यार पिशवीत नव्हे, हातात.

सप्टेंबर संपल्यावर त्याने एक छायाचित्र पाठविले. मध्यभागी त्याचा मित्र आणि मित्राने बाणाने मिळविलेला मोठा शिंगांचा एल्क. मी ते ताईला दाखविले. तिने चष्मा लावला, बराच वेळ निरखले आणि तक्रार केली, “यात आपला मुलगा कोठे आहे? हा कडेला पाठमोरा उभा आहे तोच का? याचा तर चेहराच दिसत नाही.”